बिनठिपक्याचं टोपण

एका नळीच्या टोपणावर दोन ठिपके होते आणि शेजारच्या टोपणावर एकही नव्हता. ती वाकलेली होती तशीच थांबली. मग रॅक उचलून खिडकीशी नेला, उजेडात धरला, पुन्हा पाहिलं. उजेडानं काही फरक पडायचा तो उलटाच पडला: निळे ठिपके आणखी निळे दिसले आणि शेजारचं टोपण आणखी पांढरं. पावणेतीन वाजले होते. तपासून झालेल्या नळ्या पिवळ्या पिशवीत भरायच्या, पिशवीचं तोंड बांधायचं आणि ती वाफेच्या मोठ्या यंत्रात ढकलायची, हे खरं म्हणजे तिचं काम नव्हतं. पण ज्यांचं होतं ते लॅबचे शिपाई मामा तीन दिवस पाठ धरल्यामुळे घरी झोपून होते, आणि बाकीच्यांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघण्यात अर्धा तास घालवल्यावर तिनंच हातमोजे चढवले होते. मामा असते तर त्यांनी टोपणांकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. मूठभर नळ्या, पिशवी. मूठभर नळ्या, पिशवी. तासाभरात हे दोन ठिपके आणि ते कोरं टोपण वितळून एक झालं असतं आणि कुणाला कानोकान खबर लागली नसती. पहिल्याच क्षणाला आपल्या मनात हे यावं याची तिला लाज वाटली. आणि लाजेच्याही आधी मामांचा राग आला होता, की यांना पाठ धरायला नेमका हाच आठवडा सापडला.

ठिपक्यांची पद्धत तिचीच. चार महिन्यांपूर्वीपर्यंत लॅबमध्ये एकेक नमुना वेगळा तपासला जायचा. दिवसाला नव्वद, अगदी कंबर कसली तर शंभर. दारात मात्र रोज चारशे यायचे. रिपोर्ट पाच-पाच दिवस अडकायचे, आणि पाच दिवसांत माणसं बरी व्हायची, नाहीतर जायची, नाहीतर आजार घरभर वाटून मोकळी व्हायची. मग लॅबच्या प्रमुख मॅडमनी वरच्या कचेरीशी भांडभांड भांडून पाचांची पद्धत आणली. पाच जणांच्या नळ्यांतून एकेक थेंब घ्यायचा, तो सहाव्या नळीत एकत्र करायचा आणि तपासायची ती सहावी नळी. तिच्यात विषाणू नसला म्हणजे पाचांतल्या कुणातच नाही. पाच रिपोर्ट एका झटक्यात बाहेर. असला, तर पाचही जणांना पुन्हा एकेकटं तपासायचं. त्याला लॅबमधले ‘नळी फुटली’ म्हणत. शंभरात तीनच जण बाधित निघत होते, त्यामुळे फुटणाऱ्या नळ्या थोड्या आणि सुटणारी माणसं जास्त. हिशेब इतका सरळ, की आधी कुणाला का सुचला नाही असं वाटावं. पण सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा होता: थेंब पाचही जणांचा पडला पाहिजे. नळ्यांतलं पाणी सगळं सारखंच, फिकट गुलाबी. कुणाचा थेंब पडला आणि कुणाचा राहिला हे पाण्याकडे बघून सांगता येत नाही. म्हणून तिनं ठिपका काढला. ज्या नळीतून थेंब घेतला तिच्या टोपणावर तिथल्या तिथे निळा ठिपका द्यायचा. सुरुवातीला थेंब एकानं घ्यायचा आणि ठिपका दुसऱ्यानं द्यायचा असं होतं. पुढे माणसं कमी होत गेली आणि दोन्ही कामं एकाच हाताकडे आली. लॅबमधल्यांनी तिचं नाव ठिपकेबाई ठेवलं. ती वरवर चिडायची, पण आतून सुखावायची. लग्नाला अकरा वर्षं झाली, नोकरीला तेरा; एवढ्या काळात आपल्या डोक्यातून निघालेली, चार लोक रोज पाळतात अशी ही एकच गोष्ट, असं तिला वाटे.

आता दोन शक्यता होत्या. हातानं पहिल्या नळीतून दोनदा थेंब घेतला असेल आणि दुसरी तशीच राहिली असेल; सहाव्या नळीत भरले तर पाचच थेंब, पण माणसं चार. किंवा हातानं थेंब बरोबर घेतले असतील आणि ठिपका तेवढा चुकून शेजारी पडला असेल. पहिलं खरं असेल तर एका माणसाला न तपासताच निरोगी ठरवून टाकलं होतं. दुसरं खरं असेल तर काहीच झालं नव्हतं, टोपणावर शाईचा एक डाग जास्त पडला होता इतकंच. तिनं दोन्ही नळ्या डोळ्यांसमोर धरून पाण्याची पातळी पाहिली. पातळ्या वेगळ्या होत्या, पण त्या मुळातच वेगळ्या असतात. नमुना घेणारा कुठे घाईत असतो, कुठे सढळ हाताचा. आणि थेंब तो केवढासा. आठव, ती स्वतःला म्हणाली. तिनं डोळे मिटले. सकाळचे साडेनऊ. काचेच्या कपाटात दोन्ही हात, पंख्याची घरघर, कपाळावर पट्टी रुतलेली. थेंब ओढायच्या पिपेटवर अंगठा दाबायचा, बुडवायचं, सोडायचं, उचलायचं, नळीत सोडायचं, पिपेटचं वापरलेलं टोक फेकायचं, टोपण लावायचं, ठिपका. अंगठा दाबायचा. हे सगळं तिला लख्ख आठवत होतं, पण आठवत होतं ते रोजचं. चार महिन्यांतल्या हजारो वेळांचं मिळून झालेलं एकच. त्यातली आजची वेळ, या रॅकची, या पाचांची, वेगळी काढता येत नव्हती. अंगवळणी पडलेल्या कामाला आठवण नसते हे तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं. आणि मग एकदम आठवलं, की आज ती हसली होती. पलीकडच्या कपाटावर काम करणारा लंबू म्हणाला होता, “ताई, सासऱ्यांचा फोन आलेला. म्हणे जावईबापू, आमच्या घरातल्या पाचही जणांचं एकत्रच तपासा, आम्ही भांडणंसुद्धा एकत्रच करतो.” विनोद काही फार मोठा नव्हता. पण तिला हसू फुटलं, आणि एकदा फुटल्यावर आवरेना. कितीतरी दिवसांनी पोट दुखेस्तोवर हसली, चेहऱ्यावरच्या पारदर्शक पट्टीवर वाफ धरली आणि समोरचं धूसर झालं. वाफ जायची वाट पाहत ती हात हवेत धरून थांबली होती. हातात काय होतं? पिपेट होतं की मार्कर? थेंब घेऊन थांबली होती की घेण्याआधी? तिथे आठवण साफ पुसलेली होती. फक्त हसणं राहिलं होतं, आणि ते आता कडू लागत होतं.

लंबू जेवून आला तेव्हा ती संगणकासमोर बसली होती. यादीतला नावाचा रकाना झाकायला तिनं पडद्यावर पुठ्ठ्याची पट्टी चिकटवून ठेवली होती, सुरुवातीपासूनच. नाव वाचलं की हात जड होतो, असं तिचं मत. दोन ठिपक्यांचा नंबर चारशे सतरा. कोरं टोपण चारशे अठरा. तिनं बोट आडवं सरकवत नेलं. स्त्री, वय एकतीस. प्रसूतीनंतर बारावा दिवस. चार दिवसांपूर्वी ताप, आता लक्षणं नाहीत. तपासणीचं कारण: नवजात अतिदक्षता कक्षात बाळाला भेटण्याची परवानगी. शेरा: भेट आज दुपारी चार वाजता, रिपोर्ट लवकर द्यावा. आणि शेवटच्या रकान्यात ‘विषाणू आढळला नाही’, एक वाजून पाच मिनिटांनी पाठवलेला. लवकर द्यावा म्हटलं होतं आणि तिनं लवकर दिला होता. सकाळी शेरा पाहून ती नळी मुद्दाम पहिल्या फेरीत तिनंच घेतली होती.  एखादा धडधाकट माणूस असता, ज्याला कामावर रुजू व्हायचंय, प्रवासाला जायचंय, तर तिनं काय केलं असतं? गुपचूप पुन्हा तपासलं असतं आणि निकालाप्रमाणे पुढचं पाहिलं असतं. यात पुढचं पाहायला वेळ नव्हता. तिनं पटापट जोडून पाहिलं: नमुन्यातला अर्क काढायला पस्तीस मिनिटं, मोठ्या यंत्राला सव्वा तास, मधली धावपळ. निकाल पावणेपाचच्या आत नाही. बाई चारला आत जाणार. त्या कक्षात एकट्या तिचंच बाळ नसणार. हातभर पेट्यांत ठेवलेली, सातव्या-आठव्या महिन्यात आलेली, श्वास घ्यायलाही यंत्र लागणारी बाळं. त्यांना हा विषाणू काय करतो ते तिला वाचून माहीत होतं आणि वाचलेलं आता एकेक ओळीनं आठवत होतं.

नळी तिनं लावली. हात आपोआप चालले, आणि त्यांनी आपोआप चालावं याचीच तिला भीती वाटली. प्रत्येक पायरीला ती ओठ हलवून स्वतःला सांगत होती, घेतला, सोडला, टोक फेकलं. लंबूनं शेजारी येऊन रॅक पाहिला. त्याला काही विचारावं लागलं नाही. “माझ्यामुळे झालं का ताई?” तो हळूच म्हणाला. ती म्हणाली, “हसले मी. तू कुठे हसलास?” तो तिथेच उभा राहिला, मोठ्या माणसांसमोर मुलं उभी राहतात तसा, लांबलचक हातांचं काय करायचं ते न कळून. “बहुतेक शाईचीच गडबड असेल,” तो म्हणाला. बहुतेक. हा शब्द तिनं स्वतःही आतापर्यंत दहा वेळा म्हटला होता. यंत्राचं झाकण लावलं, हिरवा दिवा लागला, आणि मग करण्यासारखं काही उरलं नाही.

करण्यासारखं काही नसलं की तिला खोल्या आठवतात. आता आठवली ती दवाखान्याची, नऊ वर्षांपूर्वीची. लेक जन्मली आणि तिसऱ्या दिवशी तिला दुसऱ्या मजल्यावर नेलं, रक्तात काहीतरी जंतू सापडले म्हणून. आणि हिला स्वतःला ताप, त्यामुळे वर यायचं नाही. ताप उतरला चौथ्या दिवशी. टाके धरून, भिंतीला हात लावत ती जिना चढून गेली होती. नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कामावर आणि त्याच दवाखान्याची लिफ्ट बंद, यावर पुढे कितीतरी वर्षं घरात हसणं झालं, पण त्या दिवशी कुणी हसलं नव्हतं. दारात एक जाड परिचारिका बसलेली. कागद? कसला कागद? ताप नसल्याचा कागद. तो खाली राहिलाय, आणून देते, पण एकदा नुसतं बघू द्या. कागदाशिवाय नाही. अहो, हात लावा माझ्या कपाळाला, आहे का ताप? कागदाशिवाय नाही, बाई. ती परत खाली गेली, डॉक्टर निघून गेले होते, कागद दुसऱ्या दिवशी मिळाला. तो एक दिवस. दूध भरून आलेलं, सासूबाई मोरीच्या दारात पाठीवरून हात फिरवत उभ्या, आणि ती त्या जाड बाईला तोंडाला येईल ते बोलत होती, असे शब्द, की सासूबाईंनी जन्मात तिच्या तोंडून ऐकले नसतील. “बोल, बोल,” सासूबाई म्हणत होत्या, “माझ्या वाटचंही बोल.” त्या बाईला तिनं आजवर क्षमा केलेली नव्हती. बाजारात, बसमध्ये तशी जाड मान दिसली तरी तिच्या डोक्यात तिडीक जाई. आणि आता चारच्या आत तिनं फोन केला तर दारात बसलेली जाड बाई तीच होणार होती. कागद आहे, पण तो खरा धरू नका. सत्त्याण्णव टक्के तुम्ही निरोगी आहात, पण आत जाऊ नका. का? माझा हात हसला म्हणून. फोन नाही केला तर? तर त्या बाईला बाळ मिळेल, आणि पावणेपाचला पडद्यावर विषाणू नसल्याची सरळ रेघ येईल, आणि कुणाला काहीच कळणार नाही. नाहीतर रेघ वर चढेल.

मॅडमच्या खोलीचं दार उघडंच होतं. टेबलावर आलेखांचे कागद पसरलेले; दुसऱ्या दिवशी वरून समिती येणार होती, पाचांऐवजी आठ नळ्या एकत्र करायला परवानगी द्यायची की नाही हे ठरवायला. मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला.

“मॅडम, एक घोळ झालाय.”

“किती नळ्यांचा?”

“एका. म्हणजे, कदाचित एकाही नाही.”

तिनं सगळं सांगितलं. हसण्यासकट सांगितलं. मॅडम ऐकताना पेन्सिलीनं कागदाच्या कडेला बारीक चौकोन काढत होत्या.

“नळी लावलीस?”

“लावली. पावणेपाचला कळेल.”

“मग बस. चहा घे. कळलं की बघू.”

“त्या चारला आत जातील, मॅडम.”

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. तीन पंचवीस. “शंभरात तीन,” त्या म्हणाल्या. “आणि तुझी शंका खरी असली तर. शाईचीच चूक असली तर तेही नाही. म्हणजे शंभरातल्या अठ्ठ्याण्णव वेळा तू एका बाळंतिणीला उगाच दारातून माघारी पाठवणार.”

“आणि उरलेल्या दोन वेळा?”

मॅडमनी पेन्सिल ठेवली. “आत चौदा बाळं आहेत,” त्या म्हणाल्या. “गेल्या आठवड्यात मी जाऊन आले.” मग खुर्चीत मागे रेलल्या. “हे बघ, उद्या समिती येतेय. हे मी तुला दम द्यायला सांगत नाही. तू बोलत होतीस तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा तेच आलं, म्हणून सांगतेय. ही पद्धत बंद झाली तर आपण पुन्हा नव्वदावर. पाच दिवसांचे रिपोर्ट. त्यात किती माणसं जात होती, मोजलंस कधी?”

“नाही.”

“मी मोजलंय. म्हणून तर भांडले.”

बाहेर कुणीतरी बादली सरकवली. ती उभीच होती. बस म्हटलं तरी बसली नव्हती. मॅडमच्या बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि त्यामुळेच तिला गुदमरल्यासारखं होत होतं. कुणीतरी सरळ वाईट बोललं असतं तर किती बरं झालं असतं. “मग मी फोन करू की नको?” तिनं विचारलं, आणि आपला आवाज शाळेतल्या मुलीसारखा लागला हे तिचं तिलाच ऐकू आलं.

“मला विचारू नकोस,” मॅडम म्हणाल्या. “मला विचारलंस तर मी नको म्हणेन.”

ती बाहेर आली. बोळाच्या टोकाला खिडकी होती, तिथे फोनची रेंज बरी मिळे. खिडकीखाली रस्त्यावर एक माणूस गाडीची काच पुसत होता, पुन्हा पुन्हा तीच जागा. तिनं कक्षाचा नंबर काढला आणि अंगठा त्यावर धरून ठेवला. असं करू या, तिनं मनाशी म्हटलं, आधी नुसतं विचारू, बाई आल्यात का. न आल्या तर पाचपर्यंत थांबायला सांगू, यंत्र बंद पडलंय म्हणू, वीज गेली म्हणू, काहीही. खोटं सापडल्याबरोबर तिला केवढं हलकं वाटलं! आणि मग लगेच कळलं, की वीज गेल्यामुळे एकदा आलेला रिपोर्ट मागे जात नाही. खरं सांगितल्याशिवाय ती बाई थांबणार नाही. ती स्वतः थांबली नसती. तिनं अंगठा दाबला. घंटी वाजत राहिली. एकेका घंटीला तिला वाटत होतं, नका उचलू, आणि नाही उचलला तर मी धावत जाईन, असंही वाटत होतं.

“नवजात कक्ष, सिस्टर बोलतेय.”

“लॅबमधून बोलतेय. चारशे अठरा नंबर, आज एकला रिपोर्ट पाठवलाय. त्या बाई चारला येणार आहेत, त्यांना अजून आत—”

“त्या होय!” सिस्टरांचा आवाज एकदम मोकळा झाला. “अहो, त्या केव्हाच्या आत आहेत. एक वाजल्यापासून बाकावर बसून होत्या बिचाऱ्या, कागद हातात घट्ट धरून. म्हटलं, रिपोर्ट आलाय तर चार कशाला वाजायला हवेत. वीस मिनिटं झाली असतील.”

खाली तो माणूस अजून काच पुसत होता.

“त्यांना बाहेर काढा,” ती म्हणाली.

“काय?”

“बाहेर काढा, सिस्टर. तो रिपोर्ट खरा धरू नका.”

“पॉझिटिव्ह आहे?”

“माहीत नाही.”

“माहीत नाही म्हणजे काय? तुम्हीच ना पाठवलात?” मग आवाज खाली आला, जवळ आला. “पहिल्यांदाच अंगाशी घेतलंय हो त्यांनी. बारा दिवसांनी.”

“काढा,” ती म्हणाली. तिला वाटलं आपण ओरडलो, पण ते जेमतेम ऐकू जाईल इतकंच होतं.

फोन कुठेतरी लाकडावर ठेवल्याचा आवाज आला. ती कान लावून उभी राहिली. एका लयीतली यंत्रांची टिकटिक, पावलं, सिस्टरांचं हळू बोलणं, मग काहीच नाही, बराच वेळ काहीच नाही, आणि मग एक बारीक, फाटका सूर, जो बाळाचा असावा. रडण्याइतकाही त्याच्यात जीव नव्हता. मग दार. मग कुणाचा तरी श्वास.

“कोण बोलतंय?” बाई म्हणाली. आवाज अगदी साधा होता, दार उघडून कोण पाहिजे विचारावं तसा.

“मी लॅबमधली. तपासते ती.”

“रिपोर्टवर ‘आढळला नाही’ लिहिलंय.”

“हो. पण तुमची नळी... तपासायची राहिली असावी. माझ्याकडून. पाच जणांची एकत्र तपासतो आम्ही, त्यात तुमचा थेंब बहुतेक पडलाच नाही.”

“बहुतेक?”

“हो. आता पुन्हा लावलीय. पाचच्या आत सांगते.”

 तिला वाटलं, आता येईल, तिनं स्वतः त्या मोरीत म्हटलेले सगळे शब्द आता येतील, आणि ते यावेत म्हणून ती जवळजवळ आसुसली होती. पण बाई घाईघाईनं, एकेक वस्तू काढून दाखवल्यासारखी बोलू लागली: “मास्क होता मला. पूर्ण वेळ. हात धुतले होते कोपरापर्यंत, सिस्टर होत्या समोर. तोंडाजवळ नाही नेलं त्याला. एकदाच फक्त टाळूला नाक लावलं, मास्कवरूनच. एकदाच. त्यानं होतं का?”

“नाही,” ती म्हणाली, मग म्हणाली, “नाही सांगता येत.”

पुढचा तास आणि दहा मिनिटं ती यंत्रासमोर बसून होती. उठली नाही. घरून फोन आला, लेकीचा, तो तिनं कापला. लंबूनं चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली. पडद्यावर फेऱ्यांचे आकडे सरकत होते. एकूण चाळीस फेऱ्या, प्रत्येक फेरीला विषाणू असला तर तो दुपटीनं वाढणार आणि कधीतरी रेघ जमिनीवरून उचलली जाणार. मुद्दाम ठेवलेल्या बाधित नमुन्याची रेघ बाविसाव्या फेरीला उठली, ताठ वर गेली. नळीत माणसाचा नमुना खरोखर आहे याची खूण दाखवणारी दुसरी रेघ पंचविसाव्याला उठली. चारशे अठराची रेघ तळाला. आपल्याला काय हवंय हे तिला कळेनासं झालं होतं. सरळ राहू दे, असं ती एकेका आकड्याला म्हणत होती, आणि तिच्याच आत कुठेतरी खोल, जिथे माणूस स्वतःकडेही बघत नाही, तिथे काहीतरी कुजबुजत होतं, की वर चढली तर तू केलंस ते बरोबर ठरेल. हे ऐकू आल्यावर तिला स्वतःची शिसारी आली. रेघ वर जाणं म्हणजे टाळूला लावलेलं नाक. तिनं हात मांड्यांखाली दाबून धरले. एकतिसाव्या फेरीला रेघ किंचित हलली. लंबू मागे उभा होता, त्याचा श्वास थांबलेला तिला कळला. बत्तीस. तेहतीस. रेघ पुन्हा खाली बसली. पस्तीसला तळाला, अडतीसला तळाला, चाळीसला तळाला. यंत्रानं बारीक शीळ घातली.

“सुटलो, ताई,” लंबू म्हणाला, आणि त्यानं टेबलाला धरलं.

तिनं निकाल तीनदा वाचला. नंबर नळीवरचा वाचला, पडद्यावरचा वाचला, लंबूकडून मोठ्यानं वाचून घेतला. मग ती मॅडमच्या दाराशी गेली आणि नुसती मान हलवली. मॅडम डोळे मिटून एक क्षण बसल्या. “मी लिहून घेतलंय सगळं,” त्या म्हणाल्या. “उद्या समितीपुढे मी बोलेन, तू शेजारी बस. आठ नाही मिळणार आता. पाच तरी राहतात का पाहू. आणि उद्यापासून ठिपका द्यायला दुसरा माणूस, मग नळ्या कमी झाल्या तरी चालतील.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, दमणूक होती. ती बरं म्हणाली आणि बोळाच्या टोकाला गेली. पाय हलके झाले होते. पाचच्या आत सांगते म्हटलं होतं, तर पाचला सात मिनिटं कमी असतानाच फोन लागत होता, आणि या वेळी पहिल्या घंटीलाच उचलला गेला. सिस्टरांनी काही न विचारता तो बाईकडे दिला.

“नाहीये,” ती म्हणाली. आनंदानं तिचा आवाज फाटला. “काही नाहीये तुम्हाला. तुमची नळी एकटी लावली होती, मी समोर बसून होते, शेवटपर्यंत मी स्वतः पाहिलं. जा तुम्ही आत. जा.”

 तिला वाटलं बाई रडत असेल.

“ऐकलंत ना? तुम्ही निरोगी आहात.”

“सकाळीही तुम्हीच पाहिलं होतं ना?” बाई म्हणाली.

“हो. पण सकाळी—”

“मग नको.”

“अहो, आता खरंच शंका नाही. हवं तर मॅडमना देते फोन.”

“तुम्ही खोटं बोलता असं नाही म्हणत मी.” बाई सावकाश बोलत होती, बाकावर बसून तासभर तिनं हे जुळवलं असावं. “तुम्ही फोन केलात. दुसरं कुणी केलाही नसता. पण मी त्याला उचलीन, आणि माझ्या डोक्यात हेच येत राहील. मला नाही जायचं आत. उद्या पुन्हा नमुना घ्या माझा. एकटीचा लावा, दुसऱ्या कुणात मिसळू नका.”

“एकटीचा लावीन. सकाळी पहिला.”

“बरं.”  मागे ती यंत्रांची टिकटिक चालू होती, आणि दाराआडून तो बारीक सूर. “तोपर्यंत त्याला कोण घेईल?”

“सिस्टर आहेत ना. सिस्टर घेतील.”

“सिस्टरांची तपासणी कुठे होते?”

उत्तर तिला माहीत होतं. त्या कक्षातल्या सगळ्या सिस्टरांच्या नळ्या दर सोमवारी सकाळी यायच्या, वीस नळ्या, पाच-पाच करून चार वेळा, आणि त्या दुसऱ्या कुणाच्या हाती ती देत नसे.

“आमच्याकडेच,” ती म्हणाली.

“कोण करतं?”

“मीच.”